आभासी रोहिणीसंकोच

आभासी रोहिणीसंकोच : चुंबकीय अनुस्पंदन रोहिणीदर्शनात प्रत्यक्षात मोकळी असलेली रोहिणी अरुंद वा बंद दिसणे, यास आभासी रोहिणीसंकोच म्हणतात. विंशतितम शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झालेल्या या पद्धतीत बाहूतील नीलेवाटे गॅडोलिनियमाचे संयुग टोचतात. त्यामुळे रक्तातील प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीस येतात व रोहिणी उजळ उमटते. मात्र द्रव्य फार संहत असल्यास परिणाम उलट होतो : भोवतालचे चुंबकीय क्षेत्र विषम होऊन तेथील संकेत विरतो. टोचलेले द्रव्य छातीकडे जाताना अधोजत्रू नीलेत असेच संहत असते. त्यामुळे शेजारच्या अधोजत्रू रोहिणीचा तेवढा भाग काळवंडतो व तेथे संकोच असल्याचा भास होतो. डाव्या बाहूत टोचल्यास द्रव्य महारोहिणीच्या कमानीच्या शाखांसमोरून आडवे जाते आणि घोटाळा वाढतो. म्हणून उजवा बाहू पसंत करतात.

दुसरे कारण वेळेचे. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटल्यावर बारामतीत पाणी आले, तरी इंदापूरकडील शेवटच्या चाऱ्या काही काळ कोरड्याच असतात. तेवढ्यावरून कालवा बुजला असे कोणी म्हणत नाही. द्रव्य पोहोचण्यापूर्वी घेतलेल्या प्रतिमेवरून मात्र रोहिणी बंद असल्याचा निष्कर्ष निघू शकतो. द्रव्याचे प्रमाण वाढत असतानाच मुख्य मापने झाल्यास रोहिणीच्या कडा उजळ व मध्य काळा दिसतो.

श्वसनाच्या हालचालीने वृक्क रोहिणीची टोके पुसट होतात. निवडलेल्या पट्ट्याबाहेर वळलेली रोहिणी तुटल्यासारखी भासते. सर्वाधिक तीव्रतेच्या प्रक्षेपणात खरा संकोचही अतिरंजित होतो. त्यामुळे मूळ छेद पाहिल्यावाचून निदान करणे धोक्याचे ठरते. अन्यथा निरोगी रोहिणीत नलिका घालण्याचा प्रसंग रुग्णावर येतो.

नीलेतील द्रव्य विरळ झाल्यावर घेतलेल्या उत्तरकालीन प्रतिमेत आभासी संकोच नाहीसा होतो, खरा टिकून राहतो. अधोजत्रू रोहिणीबाबत आणखी सोपी कसोटी म्हणजे दोन्ही बाहूंतील रक्तदाबाची तुलना. बारामती-इंदापूर भागातील लहान दवाखान्यातही ती करता येते. पाऱ्याच्या सु. १५ मिमी. वा अधिक फरक एका बाजूच्या खऱ्या संकोचाची शंका बळावतो. दोन्ही बाजू सारख्याच रोगग्रस्त असल्यास मात्र हा फरक दिसत नाही. पोलादी स्टेंट बसविलेल्या जागी संकेतच उमटत नाही. तेथे श्राव्यातीत तपासणी वा क्ष-किरण संगणकीय छेददर्शन यांचा आश्रय घ्यावा लागतो.