शेवटचा घास नेहमीच दोषी नसतो

चाकण एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या गाडीवर गर्दी होते. साडेअकराला वडापाव खाल्ला, बाराला उलट्या सुरू. सकाळी दवाखान्यात पहिलं वाक्य ठरलेलं, 'डॉक्टर, वडापाव बाधला.' आठ वाजता खाल्लेला डब्यातला फोडणीचा भात कुणाला आठवतही नाही.

गैरसमज : शेवटी खाल्लं तेच बाधतं.
वस्तुस्थिती : १ ते ६ तासांत उलट्या झाल्या, तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष कारणीभूत असतं. नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात, साल्मोनेलाला ६ तास ते ६ दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला २ ते ५ दिवस. म्हणून डॉक्टरांना चार-पाच दिवसांचं खाणं-पिणं सांगा.

गैरसमज : पुन्हा गरम केलं की धोका टळला.
वस्तुस्थिती : मेसमध्ये दुपारी पातेलंभर भात शिजतो, ओट्यावर झाकून राहतो आणि संध्याकाळी त्याला फोडणी बसते. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारं हे विष कढईच्या आचेला दाद देत नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही जंतूंच्या सोयीची पट्टी, आणि भरल्या पातेल्याचा मधला भाग तिथेच तासन्‌तास रेंगाळतो. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

गैरसमज : गाडीवरचं वाईट, एसी हॉटेलातलं चांगलं.
वस्तुस्थिती : उकळत्या तेलातून थेट पावात आलेल्या वड्यापेक्षा सोबतची कच्ची चटणी, चिरलेला कांदा आणि पाणी यांचा धोका मोठा. कच्चं चिकन कापलेल्या फळीवरच काकडी चिरली, तर एसी काय करणार? बर्फाचंही तेच. गोठल्यानं सगळे जंतू मरत नाहीत. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्यात निळा रंग घालणं बंधनकारक झालं.

गैरसमज : दोष फक्त जेवणाचा.
वस्तुस्थिती : जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात पोटाच्या संसर्गानंतर उद्भवू शकणाऱ्या गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, त्यात पिंपरी-चिंचवडचेही होते. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, आणि चौकशीचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला.

गैरसमज : जुलाब लागले की अँटिबायोटिक घ्यावं.
वस्तुस्थिती : विषावर किंवा विषाणूवर ते चालतच नाही. आधी ओआरएस घ्या. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं किंवा हातापायांतलं बळ जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि गाडीवाल्याशी भांडायला जाण्याआधी मेसच्या काकूंना एवढंच विचारा, 'भात किती वाजता शिजवला होता?'