संगणक गोठणे : प्रारंभानंतरचे

घरगुती संगणक सुरू होऊन पडद्यावर चित्र उमटल्यानंतर तो कळफलक व माऊस यांना प्रतिसाद देईनासा होतो. पडद्यावरील चित्र आहे तसेच राहते, मात्र यंत्र बंद पडत नाही. या अवस्थेस संगणक गोठणे असे म्हणतात. संगणक मंद होणे किंवा आपोआप बंद होणे हे दोष याहून भिन्न होत. कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबली असता तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अंशतः कार्यरत असते व काही मिनिटे वाट पाहणे इष्ट ठरते.

गोठण्याची वेळ : निदानाचा पहिला आधार म्हणजे गोठण्याची वेळ होय. प्रारंभी मुख्य पटलावरील बायॉस किंवा यूईएफआय ही आज्ञावली स्मृती, कळफलक इ. घटकांची तपासणी करते. नंतर डिस्कवरील प्रचालन प्रणाली स्मृतीत उतरते. तिच्या पाठोपाठ उपकरणांचे ड्रायव्हर व शेवटी आपोआप सुरू होणाऱ्या इतर आज्ञावल्या कार्यान्वित होतात. निर्मात्याचे बोधचिन्ह दिसत असतानाच संगणक गोठल्यास यंत्रसामग्रीचा अथवा बाहेरून जोडलेल्या उपकरणाचा संशय येतो. डेस्कटॉप दिसताच दर वेळी एकाच टप्प्यावर गोठल्यास आज्ञावलीचा, काही वेळ काम केल्यावर व उन्हाळ्यात अधिक लवकर गोठल्यास उष्णतेचा, तर वेळेचा नेम नसल्यास स्मृती वा वीजपुरवठा यांचा दोष संभवतो.

माहितीचे रक्षण : डिस्क कोरी करून प्रणाली नव्याने बसविणे हा उपाय पुष्कळदा प्रथमच योजला जातो. त्यामुळे कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रकल्प इ. नष्ट होतात आणि दोष यंत्रसामग्रीत असल्यास तो तसाच राहतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी माहितीची प्रत करून घेणे आवश्यक असते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास संगणक पुनःपुन्हा सुरू करू नये. अशी डिस्क तज्ञाकडे सोपविणे श्रेयस्कर. अलीकडील कित्येक संगणकांत डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात असते. ती दुसऱ्या संगणकावर वाचण्यास मूळ धन्याजवळील परतावा-किल्ली लागते.

सेफ मोड : विंडोज ९५ (१९९५) पासून विंडोज प्रणालीत असलेल्या या पद्धतीत केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर वापरून संगणक सुरू करतात. विंडोज ७ पर्यंत त्यासाठी प्रारंभी एफ ८ ही कळ दाबीत. नंतरच्या आवृत्त्यांत शिफ्ट कळ दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ निवडतात. सेफ मोडमध्ये संगणक न गोठल्यास यंत्रसामग्री बहुधा निर्दोष असते व अलीकडे बसविलेला ड्रायव्हर वा आज्ञावली काढून पाहतात. ९ एप्रिल २०१९ रोजी विंडोज ७ व ८.१ यांसाठी प्रसृत झालेल्या सुधारणांनंतर काही विषाणुरोधक आज्ञावल्या असलेले संगणक प्रारंभाच्या वेळी वा त्यानंतर गोठू लागले. दोष दोन आज्ञावल्यांच्या परस्परविसंगतीत होता. सेफ मोडमध्ये जाऊन विषाणुरोधक सेवा थांबविणे व सुधारणा काढून टाकणे हा त्यावरील एक उपाय होता. त्या संगणकांची डिस्क कोरी करण्याचे कारण नव्हते.

यंत्रसामग्रीतील दोष : प्रथम मुद्रक, पेन ड्राइव्ह इ. जोडण्या काढून संगणक सुरू करतात. नंतर वीज तोडून पंखे व उष्णताशोषकाच्या पन्हळींतील धूळ काढतात. एकाहून अधिक स्मृतिपट्ट्या असल्यास एकेक लावून पाहतात. स्पर्शबिंदूंवर पुटे चढली असल्यास ती खोडरबराने हलकेच पुसतात. वीजपुरवठा-पेटीतून १२, ५ व ३.३ व्होल्ट दाब मिळावयास हवेत. त्यांत ५ टक्क्यांहून अधिक फरक असल्यास पेटी बदलावी लागते. मुख्य पटलावरील धारित्रांची टोके फुगलेली असणे हेही दोषाचे लक्षण होय. पेटीच्या आतील भागांत वीज साठून राहत असल्यामुळे ती घरी उघडू नये.

स्थानिक परिस्थिती : नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि राज्यात २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम यांनी संगणकसाक्षरतेस हातभार लावला व घरगुती संगणकांची संख्या वाढत गेली. या शहरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या आसपास जाते, तर पावसाळ्यात हवा दमट असते. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी धूळ काढणे व संगणक भिंतीपासून काही अंतरावर ठेवणे हितावह असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भारनियमन होते. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेल्यास फायलींची रचना बिघडून पुढील प्रारंभी संगणक गोठू शकतो. अशा वेळी माहितीची प्रत घेऊन चेकडिस्क ही आज्ञा वापरतात. घरगुती इन्व्हर्टरला बदलास लागणारा अल्पकाळही काही संगणकांस सोसत नाही, म्हणून डेस्कटॉप संगणकास स्वतंत्र यूपीएस जोडतात.

तपासणी करताना एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून ठेवतात. अनेक बदल एकदम केल्यास संगणक चालू झाला तरी मूळ कारण कळत नाही व तोच दोष पुन्हा उद्भवल्यास तपासणी पहिल्यापासून करावी लागते.