फ्लँजवर बोल्टची भोकं आखताना

फ्लँजवरची भोकं ज्या वर्तुळावर असतात, त्याच्या व्यासाला वर्कशॉपमध्ये पीसीडी म्हणतात. जॉब लेथच्या चकात असतानाच ते आखून घ्यावं. मेन स्विच बंद करून टोकदार टूल हलकंच टेकवायचं आणि चक हाताने फिरवायचा.

सहा भोकं असतील तर डिव्हायडर त्रिज्येइतका उघडला की बरोबर सहा पावलं पडतात. पाचाला मात्र हिशेब लागतो: 180 अंशांना पाचाने भागून आलेल्या कोनाच्या साइनने पीसीडीला गुणायचं. 100 मिमी पीसीडीला 58.78 मिमी येतात. पण डिव्हायडर 0.1 मिमी जास्त उघडला, तरी चार पावलांची चूक साठून शेवटचा गाळा 0.4 मिमीने कमी भरतो.

म्हणून मला गिअर जास्त भरवशाचा वाटतो. स्पिंडलच्या मागच्या टोकाला 60 दात्यांचा गिअर पक्का बसवायचा आणि दात्यांच्या खाचेत घट्ट अडकेल अशी खुंटी करायची. पाच भोकांना दर 12 दात्यांनी थांबायचं, सहाला दर 10. आठाला हा गिअर चालत नाही. साडेसात दाते कुठून आणणार? तिथे 40 दात्यांचा घ्यावा. प्रत्येक थांब्यावर क्रॉस स्लाइड सरकवली की टूल वर्तुळाला छेदणारी रेघ ओढतं. टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर असावं. गंमत म्हणजे ते किंचित वरखाली असलं तरी अंतरं सारखीच येतात, कारण सगळ्या रेघा सारख्याच सरकतात. फक्त मध्येच टूलला हात लावायचा नाही. छेदबिंदूंवर सेंटर पंच मारला की जॉब ड्रिलिंगला मोकळा.