विश्लेषण : नवी वॅगनआर घ्यावी की सेकंड हँड? जीएसटी कपातीनंतर छोट्या गाडीचा हिशेब कसा बदलला?

घरात पहिली चारचाकी यायची असेल, तर एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो, कर्ज काढू, पण शोरूममधून नवीच घेऊ. दुसरा म्हणतो, गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली की तिची किंमत पडते, मग सेकंड हँड का नको? आतापर्यंत या वादात सेकंड हँडची बाजू बरीच भक्कम होती. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि हिशेब बदलला. तो कसा, हे मारुती सुझुकीच्या वॅगनआरचे उदाहरण घेऊन पाहू. ही गाडी डिसेंबर १९९९ पासून भारतात आहे, २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती देशात सर्वाधिक विकली गेली आणि सेकंड हँड बाजारातही ती सहज मिळते.

जीएसटी कपातीने नेमके काय झाले?

चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन असलेल्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. आता तो सरसकट १८ टक्के आहे. वॅगनआरच्या सर्वांत खालच्या मॉडेलची एक्स-शोरूम किंमत ५ लाख ७८ हजार ५०० रुपयांवरून ४ लाख ९८ हजार ९०० रुपयांवर आली. म्हणजे ७९ हजार ६०० रुपयांची कपात. यात एक गंमत आहे. फक्त कराचा हिशेब केला, तर किंमत साधारण ४९ हजारांनी उतरायला हवी होती. वरची सुमारे ३० हजारांची कपात कंपनीने आपल्या बाजूने केली. कराचा दर सरकार ठरवते, कंपनीची सवलत मात्र केव्हाही कमी होऊ शकते. त्यामुळे बुकिंग करताना त्या दिवसाचे लेखी कोटेशन घ्यावे.

नवी गाडी स्वस्त झाली की दोन-तीन वर्षे जुन्या गाडीची किंमतही उतरायला हवी. पण विकणारा बहुतेक वेळा ‘मला ही एवढ्याला पडली होती’ असे सांगून भाव धरून बसतो. त्याला ती कितीला पडली, याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. तीच गाडी आज नवी कितीला पडते, यावरून भाव करायचा.

ऑन-रोड किंमत एवढी का वाढते?

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहनकर लागतो. म्हणजे ६ लाखांच्या गाडीला ६६ हजार रुपये केवळ कराचे. सीएनजीला हा दर कमी आहे. त्यावर नोंदणी शुल्क, फास्टॅग आणि विमा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. शिवाय ‘अ‍ॅक्सेसरी पॅकेज’ आणि ‘हँडलिंग चार्जेस’ असतात. हे ऐच्छिक असते, नको असेल तर स्पष्ट नाही म्हणावे. विमाही शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. बाहेरून दोन-तीन कोटेशन मागवली तर काही हजार रुपये वाचू शकतात.

वर्षाला गाडी कितीला पडते?

खरी तुलना ‘आज किती द्यायचे’ याची नसून ‘वर्षाला किती पडते’ याची आहे. पुढचे आकडे समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. आपल्या गावातले भाव घालून पाहावेत.

नवी गाडी : ऑन-रोड ७ लाख. सात वर्षे वापरून ३ लाखांना विकली, तर ४ लाखांची घट, म्हणजे वर्षाला सुमारे ५७ हजार. साडेपाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ११,४०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ३५ हजार. ते सात वर्षांत वाटले तर वर्षाला १९ हजार. एकूण ७६ हजार.

सहा वर्षे जुनी गाडी : किंमत सव्वातीन लाख. घेतल्याबरोबर टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि नावावर करण्याचा खर्च ३५ हजार. पाच वर्षे वापरून १ लाख ६० हजारांना विकली, तर वर्षाला ४० हजारांची घट. जादा दुरुस्तीचे वर्षाला १० हजार धरू. जुन्या गाडीचे कर्ज महाग असते. दोन लाख १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर व्याज सुमारे साडेबेचाळीस हजार, म्हणजे वर्षाला साडेआठ हजार. एकूण साडेअठ्ठावन्न हजार.

फरक वर्षाला साडेसतरा हजारांचा, महिन्याला दीड हजाराच्या आत. हा फरक कमी नाही. पण जुन्या गाडीत इंजिन किंवा अपघाताचे लपवलेले काम निघाले आणि ६० हजारांचे बिल आले, तर जवळपास साडेतीन वर्षांची बचत एका झटक्यात संपते. म्हणूनच जुनी गाडी स्वस्त पडते ती नीट पारखून घेतली तरच.

एक-दोन वर्षे जुन्या गाडीत अर्थ आहे का?

आजच्या नव्या ऑन-रोड किमतीपेक्षा निदान २० टक्के कमी भावात मिळत असेल तरच, असा ढोबळ नियम लावता येईल. सात लाखांची गाडी दोन वर्षांनी सहा लाखांना मिळत असेल, तर त्या एका लाखासाठी दुसरा मालक म्हणून नोंद, महाग कर्ज आणि झिजलेले टायर पदरात येतात. जुलै २०२४ पासून विकलेल्या मारुतीच्या गाड्यांना ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची मूळ वॉरंटी आहे. त्यानंतरची गाडी असेल, तर किती वॉरंटी उरली आहे ते पाहून भाव करावा.

१ लिटर, १.२ लिटर की सीएनजी?

सध्याच्या पिढीच्या, म्हणजे जानेवारी २०१९ नंतरच्या वॅगनआरमध्ये ९९८ आणि ११९७ सीसी अशी दोन इंजिने आहेत. मॅन्युअल गिअरमध्ये कंपनी अनुक्रमे लिटरमागे २४.३५ आणि २३.५६ किलोमीटरचा दावा करते, तर सीएनजीत किलोमागे ३४.०५ किलोमीटरचा. हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचे असतात. शहरातल्या गर्दीत एसी लावून ते मिळणार नाहीत.

मोठ्या इंजिनाचा एक खर्च सहसा कुणी सांगत नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये आहे, त्यावरच्या गाडीचा ३,४१६ रुपये. जीएसटी वेगळा. मात्र चार माणसे आणि सामान घेऊन वारंवार घाट चढायचा असेल, तर ९० अश्वशक्तीच्या आसपासचे १.२ लिटर इंजिनच बरे. १ लिटरमध्ये ही ताकद ६७च्या आसपास आहे आणि सीएनजीवर ती ५७पर्यंत उतरते.

सीएनजी परवडते का, हे धावण्यावर ठरते. पेट्रोल १०४ रुपये आणि प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज १८ धरले, तर किलोमीटरला ५ रुपये ७८ पैसे पडतात. सीएनजी ८५ रुपये आणि अ‍ॅव्हरेज २६ धरले, तर ३ रुपये २७ पैसे. किलोमीटरला अडीच रुपये वाचले, तर सीएनजी मॉडेलचे जादा ९० हजार वसूल व्हायला ३६ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याचे पैसे तीन वर्षांत वसूल होतात. महिन्याला चारशे धावणाऱ्याला साडेसात वर्षे लागतात आणि ३४१ लिटरच्या डिकीतली बरीचशी जागा टाकीने व्यापलेली राहते, ती वेगळीच.

सुरक्षिततेचे काय?

या गाडीची ही कमकुवत बाजू आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत वॅगनआरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले होते. २०२३ मध्ये कडक निकषांवर प्रौढांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला आणि लहान मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. २०२५ मध्ये कंपनीने सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग दिल्या. एअरबॅग वाढल्या ही चांगलीच गोष्ट, पण चाचणीत गाडीचा सांगाडाही अस्थिर ठरला होता, हे लक्षात ठेवायला हवे. महामार्गावर नेहमीचा प्रवास असेल, तर याच किमतीतल्या इतर गाड्यांचे तारेही पाहून घ्यावेत.

जुनी घेताना उत्पादनाचा महिना का पाहायचा?

कारण नियम बदलत गेले, तशी गाडी बदलत गेली. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. नोंदणीची तारीख नव्हे, हीच तारीख पाहायची.

* एप्रिल २०१९ : एबीएस ब्रेक सर्व नव्या गाड्यांना सक्तीचे. याआधी नोंदणी झालेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवली आहे का, हेही पाहावे. तिच्याअभावी आरटीओतली कामे अडतात.
* जुलै २०१९ : चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे.
* एप्रिल २०२० : बीएस-६.
* जानेवारी २०२२ : चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग.
* एप्रिल २०२३ : २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालेल असे सुटे भाग. त्याआधीच्या गाड्यांत ई-२० मुळे अ‍ॅव्हरेज ३ ते ६ टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे केंद्र सरकारनेच म्हटले आहे.

थोडक्यात, बजेट ताणता येत असेल तर २०२२ किंवा त्यानंतरची गाडी पाहावी. त्याहून जुनी घ्यायचीच असेल, तर निदान जुलै २०१९ च्या अलीकडे यावे.

प्रत्यक्ष गाडी पाहताना काय तपासायचे?

गाडी सकाळी, दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होताना खडखड येते का, धूर निघतो का, हे तेव्हाच कळते.

बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का पाहावे. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, तेही पाहावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी ‘फक्त ३० हजार किलोमीटर’ धावलेली असेल आणि पाचही टायर बदललेले असतील, तर मीटरवर शंका घ्यावी. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद या तिन्ही गोष्टी मीटरशी जुळल्या पाहिजेत.

टेस्ट ड्राइव्हला रिकामा रस्ता आणि एक चढ निवडावा. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. सीएनजी गाडी असेल, तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का आणि किट आरसीवर चढवले आहे का, हे पाहावे. शेवटी हजार-दोन हजार रुपये देऊन आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे आणि ओबीडी स्कॅनर लावून घ्यावा. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको.

पुरातली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरात विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला गाळाचे डाग राहतात. सीटखालचे रूळ, स्टेपनीची जागा आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे जोड गंजले आहेत का, ते टॉर्च लावून पाहावे. अत्तराचा भपकारा येत असेल, तर काचा लावून दहा मिनिटे आत बसावे. कुबट वास लपत नाही.

कागदपत्रांत चूक झाली तर कोण अडकते?

दोघेही. घेणाऱ्याने टोकन देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा तपासावा. बाकी ई-चलन वेगळे पाहावे. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ म्हणजे एनओसी. परराज्यातून आलेल्या स्वस्त गाडीला महाराष्ट्रात पुन्हा वाहनकर भरावा लागतो, तो किमतीत धरावा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे आधीच्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही.

विकणाऱ्याने तर जास्तच सावध राहावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. त्यामुळे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊ नये. आरसीवर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

जुन्या गाडीवरच्या १८ टक्के जीएसटीचीही अनेकांना धास्ती असते. तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहाराला तो लागू नाही.

मग नवी की जुनी?

गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल, हप्ता झेपत असेल आणि जुनी पारखून देणारे कुणी ओळखीत नसेल, तर जीएसटी कपातीनंतर नवीच बरी. गाडी शिकायची असेल, धावणे कमी असेल किंवा कर्ज टाळायचे असेल, तर चार ते सहा वर्षे जुनी, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली गाडी शोधावी. आणि कोणतीही घेतली, तरी हातातले सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. जुन्या गाडीसाठी निदान ४०-५० हजार रुपये बाजूला ठेवूनच भाव करायला बसावे.