मुंब्र्यात घर घेताना: आधी कागद, मग इसार

मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा-कौशाची वाट धरली. मुंबईपेक्षा कमी किंमत, मध्य रेल्वेचे स्थानक, आपल्या लोकांची वस्ती, मशिदी आणि उर्दू शाळा ही त्यामागची प्रमुख कारणे. छोट्या व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या आवाक्यातले घर म्हणून या उपनगराकडे पाहिले जाते. अशा घराची माहिती कशी तपासावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

'६५० चौरस फूट, वन बीएचके, स्टेशनजवळ, कागदपत्रे क्लिअर,' अशी जाहिरात उदाहरणादाखल घेऊ.

प्रथम क्षेत्रफळ. ६५० हा आकडा बहुधा सुपर बिल्टअपचा असतो. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरलेला असतो. घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळते ते कार्पेट. समजा ते ४० चौरस मीटर, म्हणजे ४३० चौरस फूट भरले. ६,००० रुपये भावाने ३९ लाखांचे हे घर कार्पेटच्या हिशोबाने सुमारे ९,०७० रुपये फुटाने पडते. दोन घरांची तुलना कार्पेटवरच करावी. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक विचारून पडताळावा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

आता 'क्लिअर' कागदपत्रे. विकणारा सहसा तीन कागद पुढे करतो: नोंदणी झालेला करारनामा, घरपट्टीची पावती आणि वीज बिल. या तिन्हींनी इमारत कायदेशीर ठरत नाही. निबंधक कार्यालयात व्यवहाराची नोंद होते, बांधकामाला परवानगी मिळत नाही. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामावरही आकारली जाते. मागायचे कागद वेगळेच आहेत: जमिनीचा सातबारा व बिनशेती आदेश, ठाणे महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नकाशात चार मजले आणि जागेवर सात उभे असतील, तर वरच्या तीन मजल्यांवर पैसे गुंतवू नयेत.

ही बाब केवळ पैशांची नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाटा परिसरात एक बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती.

आमच्या वाचकांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. व्याज टाळण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण बँकेचे कर्ज घेत नाहीत. बचत, दागिने आणि नातेवाइकांची उसनवारी यांवर घर उभे राहते. कर्ज देण्यापूर्वी बँक आपल्या वकिलाकडून मालकी हक्काची छाननी करून घेते. रोखीने घर घेणाऱ्याला ही छाननी आपोआप मिळत नाही, ती स्वतःच करून घ्यावी लागते. म्हणून स्वतंत्र वकील नेमून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढावा. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला वकील नको. या कामाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. पैसे चेकनेच द्यावेत आणि पूर्ण रकमेचा उल्लेख करारात करावा.

शेवटी आजूबाजूचा परिसर. तो रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी पाहावा. पाणी किती वेळ येते आणि टँकर मागवावा लागतो का, हे दलालाला न विचारता खालच्या दुकानदाराला विचारावे. गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरते का, पावसाळ्यात पाणी तुंबते का, गर्दीच्या वेळी स्टेशन गाठायला किती मिनिटे लागतात, हे स्वतः पाहावे. घरात शिलाई किंवा जरीचे काम करायचे असेल, तर सोसायटीची हरकत आणि वीजजोडणीचा प्रकार आधीच विचारून घ्यावा.

आपण कापडाचा तागासुद्धा उलगडून पाहिल्याशिवाय घेत नाही. घरात तर आयुष्याची कमाई जाते. कागद दाखवायला जो टाळाटाळ करील, त्याला इसार देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.