तीस फूट? मामा, थांब जरा!

‘‘अगं, तू पेपरात आहेस ना आता? मग एक सांग. मशीनला जमिनीखालचं तीस फूट दिसतं का?’’

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मामाचा हा फोन. सातारा जिल्ह्यात आमचं आजोळ आहे. तिथल्या पडक्या वाड्यात मोहरांचा हंडा पुरलाय, ही गोष्ट मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून ऐकतेय. (तुमच्याही गावात असा एक हंडा असणारच. आणि त्यावर बसलेला नागोबा!) तर आता एक माणूस गाडी घेऊन आला होता. त्याच्याकडे मशीन होतं. म्हणे, तीस फुटांपर्यंतचं सोनं दाखवतं. भाडं चाळीस हजार, तेही ॲडव्हान्स. मामाकडे तेवढे पैसे होते, पण ते माझ्या मामेभावाच्या कॉलेजच्या फीचे होते.

मी मास कॉमवाली. फिजिक्सला बारावीनंतर जो रामराम ठोकला तो ठोकलाच. मग गेले माझ्या जुन्या ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांकडे. सर हसले आणि म्हणाले, ‘‘किती खोल, हा अर्धाच प्रश्न झाला. काय शोधायचंय, ते केवढं आहे, माती कसली आणि कॉइल केवढी, हेही विचार.’’

हाक आणि प्रतिध्वनी

मेटल डिटेक्टरला जमिनीखालचं काहीही ‘दिसत’ नाही. दांड्याच्या टोकाला जी गोल थाळी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. हीच कॉइल. तिच्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते एखाद्या धातूपर्यंत पोचलं की त्या धातूत छोटे भोवरेदार प्रवाह फिरायला लागतात. हे प्रवाह स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि मशीन तेवढंच पकडतं. दरीच्या काठावरून हाक मारायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, तसं.

पण ही हाक फार लवकर विरते. कॉइलपासून जरा लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे अंतर दुप्पट झालं की ताकद आठ पट कमी. धातूकडून परत येणारा प्रतिध्वनीही तसाच विरत येतो, म्हणजे पुन्हा आठ पट कमी. आठ गुणिले आठ, चौसष्ट! वस्तू दुप्पट खोल गेली की सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो.

आता हेच गणित उलटं करा. मशीनची ताकद दुप्पट केली तर खोली किती वाढेल? साधारण बारा टक्के. दहापट केली तरी दीडपटीच्या आतच. त्यामुळे ‘दुप्पट किंमत, दुप्पट खोली’ असं कुणी सांगितलं, तर समजून जा.

मग थाळीच मोठी लावू!

मलाही पहिल्यांदा हेच सुचलं. सरांच्या लॅबमध्ये मुलांनी प्रोजेक्टसाठी एक जुगाडू डिटेक्टर केला होता. त्याच्या दोन कॉइल होत्या. एक सीडीएवढी, दुसरी जेवणाच्या ताटाएवढी. दहा रुपयांचं नाणं धरून दोन्ही पाहिल्या. लहान कॉइल जवळ नेली की कडक आवाज द्यायची आणि नाणं नेमकं कुठंय तेही कळायचं, पण थोडी वर उचलली की गप्प. मोठीला नाणं जास्त लांबून कळलं. मग शेजारी एक खिळा ठेवला आणि मोठीचा गोंधळ उडाला. दोन वस्तूंचा मिळून एकच आवाज. लहान कॉइलने मात्र दोन्ही वेगळ्या ओळखल्या.

मोठ्या कॉइलचं क्षेत्र लांबवर जातं, पण पसरून जातं. मोठ्या पसाऱ्यात छोट्या नाण्याचा वाटा अगदीच किरकोळ. शिवाय मोठी थाळी एका वेळी जास्त माती ‘ऐकते’, आणि माती गप्प बसत नाही. आपली दख्खनची माती बेसॉल्टची. त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात. कोकणातला जांभाही मशीनला त्रास देतो. समुद्रकाठची ओली वाळू तर खारट पाण्यामुळे स्वतःच वीजवाहक.

म्हणून छंद म्हणून डिटेक्टर वापरणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो. चांगल्या मातीत, एका नाण्यासाठी, कॉइलच्या व्यासाएवढी खोली मिळाली तरी खूप. म्हणजे अकरा इंची कॉइल असेल तर फूटभराच्या आत. हंड्याएवढी वस्तू त्याहून खोल सापडते, कारण तिचा प्रतिध्वनी मोठा. त्यासाठी मीटरभर रुंदीच्या चौकोनी कॉइलही मिळतात. त्या मोठी वस्तू मीटर-दोन मीटरवर ओळखतात, पण सुटं नाणं त्यांना कळत नाही.

महाग मशीन काय देतं?

महाग मशीन प्रामुख्याने भरवसा देतं. ते मातीचा आवाज वजा करतं, ज्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. त्यामुळे दर दोन पावलांवर खोटी बीप येत नाही. चांगलं मशीन एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर काम करतं, म्हणून लोखंडी खिळा आणि चांदी यांत बऱ्यापैकी फरक करू शकतं. पडक्या वाड्यात खिळे, बिजागऱ्या, बैलाच्या पायातले पत्रे किती असतील, विचार करा! गोंगाट कमी झाला की क्षीण सिग्नलही ऐकू येतो, त्यातून काही इंच नक्कीच वाढतात. पण वाढतात ते इंच. फूट वाढत नाहीत.

चांगलं यंत्रही आजूबाजूच्या धातूमुळे फसतं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधायला सांगितलेली बाजूही चुकीची होती.

उलट १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन शेतात गेले आणि सापडला रोमन काळातला खजिना. सुमारे पंधरा हजार नाणी! त्यांनी उकरणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो नीट काढता आला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तीस फुटांचं काय?

सरांनी फळ्यावर तीसचा सहावा घात काढला. बहात्तर कोटी नव्वद लाख. एका फुटावर जो सिग्नल येतो, तो तीस फुटांवर इतक्या पटींनी कमी. कॉइलच्या अगदी जवळ हिशेब थोडा सौम्य असतो, तो धरला तरी आकडा कोटींतच राहतो.

मामाला आलेल्या व्हिडिओत तर कॉइलच नव्हती. हातात मूठ आणि पुढे फिरणारी एरियल. गावातला पाणाड्या काठी फिरवतो ना, तसंच. अशाच फिरत्या एरियलचं ‘एडीई ६५१’ नावाचं ‘बॉम्बशोधक’ एका ब्रिटिश माणसाने इराकला विकलं होतं. आत चालणारं काहीच नव्हतं. चेकपोस्टवरचे जवान त्याच्या भरवशावर गाड्या सोडत होते. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आणि समजा, हंडा खरंच निघाला तर? भारतात १८७८ चा ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, नाहीतर तुरुंगवास होऊ शकतो. ट्रेकला जाणाऱ्यांनो, संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय खोदणं हा तर थेट गुन्हा आहे.

मशीन घ्यायचंच असेल तर...

• ‘किती खोल?’ विचारल्यावर ‘कुठली वस्तू आणि कसली माती?’ असा उलटा प्रश्न न करता आकडा सांगणाऱ्यापासून लांब राहा.
• कचऱ्याच्या, खिळ्यांच्या जागी लहान कॉइल. मोकळ्या रानात, मोठ्या वस्तूसाठी मोठी.
• ओल्या वाळूसाठी आणि खनिजांच्या मातीसाठी पल्स इंडक्शन प्रकार बरा, पण तो खिळा आणि सोनं यांत फारसा फरक करत नाही.
• पैसे देण्याआधी स्वतः वस्तू पुरा आणि शोधायला लावा.

हा शेवटचा मुद्दा सरांचा. मामाने तो मनावर घेतला. परसात पाच ठिकाणी माती उकरून सारखी केली आणि एकाच खड्ड्यात गुडघाभर खोल तांब्याची कळशी पुरली. ‘‘एकदा बरोबर सांगितलं तर नशीबही असेल, म्हणून जागा बदलून चार-पाच वेळा बघ,’’ असं मी फोनवर बजावलं होतं.

तेवढी वेळच आली नाही. माणूस आला, पाच खड्डे बघितले आणि म्हणाला, ‘‘मालक, तुमचा विश्वास नाही. अविश्वासाने धन सरकतं.’’ आणि गाडीत बसून गेला.

कळशी सरकली नव्हती. मामीने दुसऱ्या दिवशी काढून घासून ठेवली. मामेभावाची फी वेळेत भरली गेली. आणि हंडा? तो अजून वाड्यातच आहे म्हणे, नागोबासकट.