रोमच्या गल्लीतील खानावळ

नव्या शहराची ओळख व्हावी म्हणून प्रवासी तेथील राजवाडे, मंदिरे आणि संग्रहालये पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शहर कसे होते हे इमारती सांगतात. ते कसे जगते हे मात्र त्याच्या खानावळीच सांगू शकतात. मोठ्या उपाहारगृहांची गोष्ट आम्ही करीत नाही. ती सर्व देशांत थोड्याफार फरकाने सारखीच. गल्लीच्या तोंडाशी असलेली, दहा-बारा टेबलांची, गिऱ्हाइकाला नावाने ओळखणारी खानावळ आमच्या मनात आहे. इटलीत तिला ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिची ओळख करून घ्यावी, याला एक खास कारण आहे. ते ओघाने येईलच.

इटलीत जेवणाच्या जागांच्या पाट्यांवर निरनिराळे शब्द आढळतात. ‘रिस्तोरान्ते’ म्हणजे थाटाचे उपाहारगृह. ‘ओस्तेरिया’ हा मुळात मद्याचा गुत्ता. पूर्वी लोक तेथे आपली शिदोरी घेऊन येत आणि द्राक्षाचे मद्य तेवढे विकत घेत. या दोहोंच्या मध्ये त्रात्तोरिया. गल्ल्यावर घरधनी, चुलीपाशी त्याची पत्नी किंवा आई, वाढायला मुले, अशी तिची जुनी घडण. आता पाट्यांचे अर्थ पुष्कळ सैल झाले आहेत आणि महागडी उपाहारगृहेही हौसेने स्वतःला ओस्तेरिया म्हणवून घेतात. तरी खरी त्रात्तोरिया ओळखू येते. पदार्थांची यादी तोकडी असते, बहुधा हाताने लिहिलेली. टेबलावर कागद अंथरलेला असतो. घरचे मद्य पाव किंवा अर्ध्या लिटरच्या मापाने मिळते.

आपल्या ताटात डावे-उजवे एकाच वेळी मांडलेले असते. इटालियन जेवण पंगतीतल्या वाढप्यांसारखे एकामागून एक येते. आरंभी ‘आन्तिपास्तो’ म्हणजे तोंडीलावणे. मग ‘प्रीमो’, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. त्यानंतर ‘सेकोन्दो’, म्हणजे मांस किंवा मासे. भाजी ‘कोन्तोर्नो’ या नावाने वेगळी मागवावी लागते, आणि शेवटी गोड. हे सारे घेतलेच पाहिजे अशी सक्ती नसते. जेवण झाले तरी बिल आपण मागितल्याखेरीज येत नाही, कारण पाहुण्याला उठवणे तेथे असभ्य मानतात. बिलात बहुतेक ठिकाणी ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी बैठकीचा आकार असतो. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तेथे २००६ च्या कायद्याने तो बंद झाला. पावाचे पैसे मात्र घेता येतात.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. ‘काचो ए पेपे’ हा रोमचा प्रसिद्ध पास्ता केवळ चीज आणि मिरी यांचा असतो. पण त्यातले ‘पेकोरिनो रोमानो’ चीज कोकराच्या जठरातील विरजणाने बनवलेले असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी लसूण, ऑलिव्हचे तेल आणि सुक्या मिरचीचा ‘आल्यो, ओल्यो ए पेपेरोन्चीनो’ मागवावा आणि वर चीज नको म्हणून सांगावे.

पास्ता हा शब्द परका असला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. उन्हाळ्यात दुपारी आळीतल्या बायका एकत्र जमून शेवया, गव्हले, नखुले, बोटवे आणि मालत्या वळीत, तेव्हा त्या दुसरे काय करीत होत्या? आपल्या वळवटाची ही सारी मंडळी इटलीत निराळ्या नावांनी भेटतात. दक्षिणेकडील बारी शहरात बायका कणकेचा इवलासा तुकडा अंगठ्याने दाबून ‘ओरेक्किएत्ते’, म्हणजे ‘छोटे कान’, करतात. नखुले करणाऱ्या आजीला ती हातोटी शिकवावी लागणार नाही. इटलीत सुका पास्ता डुरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असे १९६७ च्या कायद्याने ठरवले. हीच गव्हाची जात इंदूरकडे माळव्यात पूर्वापार पिकत आली आहे, आणि बेळगावकरांचा बन्सी रवाही तिचाच. फरक शिजवण्यात. आपण शेवया खिरीत मऊ होऊ देतो. ते पास्ता ‘आल देन्ते’, दाताला लागेल इतपतच शिजवतात.

वारांचे जेवणही आपल्याला ओळखीचे वाटेल. रोममध्ये गुरुवारी बटाट्याचे ‘न्योक्की’, शुक्रवारी मासे आणि शनिवारी वजडी, असा जुना शिरस्ता आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची कॅथलिक चाल. म्हणून आदल्या दिवशी पोटभरीचे न्योक्की. बटाटा, टोमॅटो आणि मिरची या तिन्ही वस्तू अमेरिका खंडातून युरोपात गेल्या. आणि आपल्याकडे अमेरिकेची ही पिके प्रथम आणली ती पोर्तुगीजांनी. ताटलीत उरलेला रस पावाने पुसून खाण्याला इटालियन लोक लाडाने ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे ‘छोटा जोडा’, म्हणतात. त्यांचा ‘पाने’ आणि पोर्तुगीज भाषेतून गोव्यात आलेला आपला ‘पाव’ हे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज होत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रोमच्या त्रात्तोरियात ज्यांना ‘अस्सल रोमन’ म्हणतात ते पदार्थ कोणी दिले? तेस्ताच्चो भागातील कसाईखाना १९७५ साली बंद झाला. तेथील कामगारांच्या वाट्याला जनावराचे जे उरलेसुरले भाग येत, त्यांतून वजडी आणि शेपटीची कालवणे निघाली. पोपच्या आज्ञेने १५५५ पासून १८७० पर्यंत ज्यांना भिंतीआड राहावे लागले, त्या ज्यू कुटुंबांचे तळलेले आर्टिचोक आज साऱ्या शहराचे झाले आहेत. जगभर गाजलेला ‘कार्बोनारा’ तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाकपुस्तकांत सापडतच नाही.

आणि ‘आमात्रिचाना’? डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, पेकोरिनो आणि टोमॅटो यांचा हा पास्ता रोमच्या बहुतेक त्रात्तोरियांत मिळतो. पण त्याचे नाव रोमचे नाही. रोमच्या ईशान्येस अपेनाइन डोंगरांत आमात्रिचे नावाचे लहानसे गाव आहे. १९२७ पूर्वी ते लाझिओ प्रांतातही नव्हते. तेथील मेंढपाळ आणि त्यांचे भाऊबंद पोटासाठी रोमला उतरले. त्यांच्यातल्या कित्येकांनी खानावळी थाटल्या आणि घरी जे खात तेच गिऱ्हाइकांपुढे वाढले. रोमकरांनी ते इतके आपलेसे केले की गावाकडे ज्यात स्पॅगेटी घालतात, त्यात रोमने पोकळ नळीची ‘बुकातिनी’ घालण्याचा स्वतःचा पाठही बसवून टाकला. २४ ऑगस्ट २०१६ रोजी भूकंपाने आमात्रिचे जवळजवळ जमीनदोस्त झाले; त्या परिसरात सुमारे ३०० माणसे दगावली. त्याच आठवड्याच्या शेवटी गावात या पदार्थाची पन्नासावी जत्रा भरणार होती. त्यानंतर इटलीत आणि बाहेरही अनेक उपाहारगृहांनी आमात्रिचानाच्या प्रत्येक ताटलीमागे दोन युरो गावासाठी बाजूला काढले. गाव कोसळले, पण त्याचे नाव हजारो टेबलांवर शाबूत होते, आणि त्या नावाने मदत गोळा झाली.

ही खानावळ आज निश्चिंत आहे असे मात्र नाही. १९८६ साली रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांपाशी मॅकडोनल्ड्सचे उपाहारगृह निघाले, तेव्हा लोकांनी निदर्शने केली. त्या असंतोषातून कार्लो पेत्रीनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ चळवळ वाढली. १९८९ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा निघाला आणि पुढच्याच वर्षी ओस्तेरियांची मार्गदर्शिका छापली गेली. आजचा धोका निराळा आहे. शहराच्या जुन्या भागातील घरे प्रवाशांना उतरण्यासाठी दिली जात आहेत. गल्लीतला रहिवासी निघून गेला की गल्लीची खानावळ कोणासाठी चालावी? उरतात ती पाच भाषांतील छायाचित्रांच्या यादीची आणि दारात उभे राहून हाका मारणारी दुकाने. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत युनेस्कोने इटालियन पाककलेस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या दिवाळीलाही त्याच बैठकीत तो मान मिळाला. मान मोठा खरा. पण खानावळ जगते ती रोज दुपारी येऊन बसणाऱ्या शेजाऱ्यांवर.

आमात्रिचेची हकीकत आपल्यासाठी महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी. आपणही पोटासाठी, चाकरीसाठी, कधी फौजेबरोबर दूर येऊन वसलेल्यांचे वंशज आहोत. चव टिकवायची म्हणजे ती घरात झाकून ठेवायची, अशी आपल्यांतल्या पुष्कळांची समजूत आहे. डोंगरातल्या त्या मेंढपाळांनी ती गल्लीत मांडली, परक्यांना वाढली, परक्यांनी केलेले फेरफारही सोसले, आणि म्हणूनच ती उरली. बडोद्यात शेव-उसळीच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या गुजराती माणसाला उसळ हा शब्द मराठी आहे, याचे भानही नसते. ते नसावे यातच तिचा जय आहे. आपल्या गावात एखादी मराठी खानावळ अजून तग धरून असेल, तर सणावारी नव्हे, साध्या बुधवारी तेथे जेवायला जावे. आणि जाताना शेजारच्या अमराठी कुटुंबालाही बरोबर न्यावे.